साहेबांचं बार्ली सूप

आमच्या घरमालकांच्या स्वयंपाकघरात घड्याळ नव्हतं. बुद्धांची तसबीर होती, किराणावाल्याने दिलेलं गुजराती कॅलेंडर होतं, सांडशी अडकवायला खिळा होता. घड्याळ मात्र नाही. सुरतेच्या डिंडोलीतलं त्यांचं घर रुळांपासून हाकेच्या अंतरावर. उधन्याहून जळगावकडे जाणारी-येणारी प्रत्येक गाडी त्यांची भांडी वाजवून जायची, आणि बाबा, म्हणजे हे घरमालक, गाड्यांवर स्वयंपाक करायचे. थट्टा नाही करत, खरंच. नंदुरबारची पॅसेंजर आली की जव टाकायचे. मालगाडी गेली की गाजर. भुसावळची पॅसेंजर दिसली की पातेलं खाली.

एकदा मी शहाणपणा केला. म्हटलं, "बाबा, गाडी दोन तास लेट झाली तर?"

"मग ड्रायव्हरपण दोन तास लेटच येईल ना भुकेला? लवकर उतरवून थंड कुणाला वाढू?"

आता तिथे कुठला ड्रायव्हर यायचा होता? पण सवय. भुसावळला रेल्वेच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडी आणून सोडलेले ड्रायव्हर आणि गार्ड जिथे जेवून झोपतात तिथे, बाबांचा सगळा जन्म खानसामा म्हणून गेला होता. रिटायर झाल्यावर बायकोचे भाऊ सुरतेत मिलमध्ये होते म्हणून इकडे घर बांधलं. मूलबाळ नव्हतं. खिडकीसमोरून इंजिन गेलं की हातातली पळी वर करून सलाम ठोकायचे. कधी इंजिनाने शिट्टी दिली तर माझ्याकडे वळून म्हणायचे, "बघ, ओळखलं त्यानं. माझ्या हातचं जेवलेला असणार." फाटक जवळ होतं, शिट्टी द्यावीच लागते, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. कशाला सांगा!

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. पांडेसराच्या एका कापड प्रिंटिंगच्या मिलमध्ये फोल्डिंग खात्यात. एका खोलीत आम्ही नऊ जण राहायचो. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच्याच चटईवर आडवा, चटई बिचारी कधी थंड होत नसे. त्यात मला खात्यातल्या बढतीची परीक्षा द्यायची होती. कुणीतरी बाबांची मागची खोली सांगितली.

पहिल्याच दिवशी बाबांनी माझ्या गळ्यातली तुळशीची माळ पाहिली आणि चहा पुढे केला. मी घेतला. आमच्या अमळनेरकडच्या गावात मी तो घेतला नसता. त्यांच्या वस्तीकडच्या माणसाला आमच्या ओट्यावर वेगळ्या कपात चहा मिळायचा, आणि तो कप गोठ्याच्या कोनाड्यात असायचा. हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. कप खाली ठेवल्यावर ते म्हणाले, "पाटील, रविवारी माझ्याकडे मोठ्याचं शिजतं. पाड्याचं, म्हणजे रेड्याचं मटण. आत्ताच सांगून ठेवतो. नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हण, मला राग नाही. पण एकदा राहायला आलास की तोंड फिरवायचं नाही."

"नाही फिरवणार," मी म्हणालो. खोलीसाठी मी तेव्हा काहीही म्हणालो असतो. घरी वडिलांना लिहिलं, मालक रेल्वेतले रिटायर आहेत, फार शिस्तीचे आहेत. रविवारचं काही लिहिलं नाही.

रविवार म्हणजे काय थाट विचारू नका. सकाळी आंघोळ करून बाबा पेटीतला पांढरा कोट काढायचे, पितळी बटणांचा. कोपरावर ठिगळ होतं, पण इस्त्री अशी की घडीने बोट कापावं. खांद्यावर पांढरा नॅपकिन. आणि सूप. मी एकदा चुकून "कालवण" म्हणालो तर पळी माझ्यावर रोखून म्हणाले, "हळद टाकली का मी? मिरची टाकली? मग कालवण कसं? बार्ली सूप आहे हे. भुसावळला एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर होता, त्यानं शिकवलं. जेवल्यावर प्लेट चाटायचा, आणि मग म्हणायचा, नॉट बॅड."

बार्ली म्हणजे आपले जव. ते आणायचे कोपऱ्यावरच्या काठियावाडी शेठच्या दुकानातून. गुजरातेत जव लागतात पूजेला, हवनाला. दर शनिवारी एक म्हातारा नेमाने जव नेतो म्हटल्यावर शेठचा समज झाला की हा मोठा भाविक. "काका, दर अठवाडिये हवन?" असं विचारायचा. बाबा गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "हां शेठ, दर रविवारी." शेठ वर एक अगरबत्तीचा पुडा फुकट द्यायचा. बाबा तो घरी आणून तसबिरीपुढे लावायचे, म्हणजे अगदीच खोटं नको.

हे सगळं साहेबांसाठी. साहेब म्हणजे त्यांची बायको. मी त्यांना माय म्हणायचो. मी यायच्या वर्षभर आधी त्यांना लकवा झाला होता. डावी बाजू गेली, वाचा गेली. स्वयंपाकघराच्या दारातच त्यांची खाट होती, शेगडी दिसेल अशी. आयुष्यभर दुसऱ्या साहेबांना वाढलं, आता घरच्या साहेबांना वाढतो, असं बाबांचं म्हणणं. ट्रेमध्ये पांढरी खोलगट प्लेट, चमचा, नॅपकिन. खाटेपाशी जाऊन टाचेला टाच जोडून उभे राहायचे. "साहेब, सूप." मायच्या डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडायच्या. ते त्यांचं हसू.

मायचं नाक भारी तिखट. बोलत होत्या तेव्हा म्हणे दारातूनच सांगायच्या, आज कांदा जास्त लाल केलास. नवऱ्याला खानसामा म्हणून अख्खं भुसावळ मानायचं, ही बाई एकटी मानायची नाही. आता बोलता येत नव्हतं. आवडलं तर प्लेट संपवायच्या, नाही आवडलं तर ओठ मिटून तोंड भिंतीकडे. आठवडाभर दोन-चार चमचे पेज, चार घोट दूध, एवढंच जायचं पोटात. रविवारची प्लेट मात्र पूर्ण. उरलेलं सोमवारी, मंगळवारी. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, औषध राहू द्या एक वेळ, अन्न जाऊ द्या पोटात. ती प्लेट होती म्हणून माय होत्या.

आणि त्यातच बाबा फाटकापाशी सायकलवरून पडले. डोक्याला मार लागला, चार टाके. टाके निघाले, पण आठ दिवसांनी, रविवारी, त्यांनी मला मागच्या दारातून खुणेने बोलावलं. पांढऱ्या कोटात उभे, तोंड उतरलेलं.

"इकडे ये. ह्याचा वास घे," ते कुजबुजले.

"कशाचा?"

"पातेल्याचा. माझं नाक गेलंय पाटील. मसाल्याचा डबा हुंगला, रॉकेल हुंगलं. काही नाही. डॉक्टर म्हणतो नस दुखावली, आली तर येईल." मग खाटेकडे बघून आणखी हळू, "साहेबांना कळता कामा नये. कळलं तर त्या सूपच नको म्हणतील, म्हाताऱ्याला त्रास नको म्हणून. मी ओळखतो ना त्यांना. आणि मग खातील काय?"

वास नाही म्हणजे चवही नाही. जिभेला मीठ तेवढं कळायचं. आणि या सूपचा सगळा खेळ शेवटच्या अर्ध्या तासाचा. जव फुगले की तळाशी बसतात. सारखं ढवळलं तर फुटून पेज होते, नाही ढवळलं तर खाली धरतं. धरायच्या आधी म्हणे एक वास येतो, तो आला की पातेलं उतरवायचं. त्या वासासाठी माझं नाक हवं होतं.

मी होकार दिला. कसा नाही म्हणणार? पण पातेल्यावर वाकलो आणि तिथेच अडकलो. माळ वाफेत लोंबतेय, खाली नळीची हाडं, आणि कानात वडिलांचा आवाज. मग मी काय केलं असेल? श्वास कोंडून धरला. डोळे मिटले, मोठा जाणकार असल्यासारखी मान हलवली आणि मागे सरून म्हणालो, "बरोबर आहे, बाबा."

बाबांनी पातेलं उतरवलं. मायने प्लेट संपवली. बाबांनी माझी पाठ थोपटली, "नाक आहे तुला पाटील. पाटलाच्या घरी फुकट गेलं."

असे तीन रविवार गेले. तीनदा मी श्वास धरला, तीनदा "बरोबर आहे" म्हणालो, आणि तीनदा प्लेट रिकामी आली. मला वाटायला लागलं, माझ्या नाकाची गरजच नाही, म्हाताऱ्याच्या मनाला आधार हवा एवढंच. सोयीचं असलं की माणसाला काय वाटेल ते वाटतं.

चौथ्या रविवारी भुसावळची पॅसेंजर लेट झाली. नेहमीची वेळ टळली. बाबा खिडकीत, मी पातेल्यापाशी.

"काय म्हणतंय नाक?"

मी वाकलो, श्वास धरला. "बरोबर आहे, बाबा."

"मग राहू दे गाडी येईपर्यंत."

गाडी आली तासाभराने. मधे त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं. बाबांनी सूप वाढलं, टाच जोडली. "साहेब, सूप." पहिला चमचा मायच्या तोंडात गेला. त्यांनी तो कसाबसा गिळला, बाबांच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

बाबा ट्रे घेऊन माझ्यापाशी आले. "खरं सांग. काय झालंय याला?"

तेव्हा मी पहिल्यांदा त्या प्लेटीचा वास घेतला. करपलं होतं. अहो, मटण मी जन्मात खाल्लेलं नाही, पण करपल्याचा वास ओळखायला मटण कशाला खायला हवं? आमच्या आईची डाळ करपली की असाच वास यायचा.

"लागलंय बाबा. आणि... मी वास घेतच नव्हतो. श्वास धरून ठेवायचो."

"आज?"

"चारही रविवार."

मला वाटलं, आता सामान बाहेर फेकतात. फेकलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी ट्रे खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे मागचे तीन माझे एकट्याचे. नाक नसताना." आणि क्षणभर, देवाशपथ सांगतो, त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता. मग तो गेला. "किळस येत होती तर सांगायचंस. मी तुला खा म्हटलं होतं का? नाही फिरवणार म्हणाला होतास तोंड. समोर उभा राहून पळून गेलास की रे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी मायने पेज घेतली नाही. दूध घेतलं नाही. चमचा ओठाला लागला की तोंड भिंतीकडे. मंगळवारीही तेच, फक्त पाणी. बाबांनी शेगडी पेटवली नाही. पातेलं घासून पालथं घातलेलं, कोट पेटीत. "कळलं त्यांना," एवढंच म्हणाले. "आता नाही खायच्या."

बुधवारी मी मिलमध्ये रजा टाकली आणि बाबांची कापडी पिशवी घेतली. रुळांपलीकडच्या खाटकाचं दुकान मला माहीत होतं, कारण तिथून जाताना मी नेहमी रस्ता बदलायचो. दुकानात नजर कुठे ठेवावी कळेना, म्हणून तराजूकडे बघत राहिलो. "खानसामासाब का चाहिए, हर इतवार का," म्हणालो. खाटकाने मला वरून खाली पाहिलं. माळेवर त्याची नजर थांबली. मटण आणि नळी कागदात बांधली, वर आणखी दोन कागद गुंडाळले, पिशवीत स्वतःच्या हाताने ठेवली आणि पिशवीचं तोंड बांधून दिलं. "बीवी ठीक है उनकी?" मी म्हटलं, "हो जाएगी." मग शेठकडून जव घेतले. शेठ म्हणाला, "आजे तो बुधवार छे!" म्हटलं, "खास छे, शेठ." त्याने अगरबत्तीचे दोन पुडे दिले.

पिशवी समोर ठेवली तेव्हा बाबा आधी पिशवीकडे आणि मग माझ्या माळेकडे बघत राहिले.

"गाड्या रविवारच्या वेळेवर नाहीत आज," ते म्हणाले.

"गाड्या राहू द्या. मी सांगतो."

जव भिजत घातले. बाबांनी कोट घातला. नळी तुपावर लाल केली, कांदा, तमालपत्र, काळी मिरी. पाणी आधणाला आल्यावर फेस काढला. भिजलेले जव पडले. मग शेगडीची हवा कमी करून ते पाटावर बसले आणि डोळे मिटले. मी पातेल्यावर वाकलो आणि श्वास घेतला. पूर्ण, छाती भरेपर्यंत. डोळ्यांत पाणी आलं, पण मागे सरलो नाही.

"काय आहे?" बाबा.

"कच्चं आहे. ओल्या लोखंडासारखं."

"राहू दे. आता?"

"आता मिरी लागतेय नाकाला. लोखंड कमी झालं."

"गाजर टाक. आता?"

आता कुजबुज करायचं कुणाला सुचत नव्हतं. खाटेवरून माय ऐकत होत्या. मीही मोठ्याने बोलत होतो. बाबांच्या नाकपुड्या हलत होत्या, जणू माझं बोलणंच ते हुंगत होते. अर्धा तास गेला, तास गेला. मधे एक गाडी भांडी वाजवून गेली, बाबांनी डोळे उघडले नाहीत. आणि मग वाफेत एक वेगळाच वास आला. मी ओळखला तो! शेतात हुरडा भाजताना आगटीतून येतो ना, पहिला, कोवळा, तोच.

"हुरडा!" मी ओरडलो. "बाबा, हुरडा भाजल्यासारखं येतंय!"

"उतरव!"

ट्रे, प्लेट, नॅपकिन. बाबांनी टाच जोडली. "साहेब, सूप."

माय भिंतीकडे तोंड करून होत्या. चमचा ओठापाशी थांबला. मग त्यांचं नाक हललं. हळूहळू मान वळली. एक चमचा घेतला. दुसरा घेतला. बाबा भरवत होते आणि मी दाराच्या चौकटीला धरून मोजावं तसं बघत होतो. प्लेट संपली. मग मायने आपला चांगला, उजवा हात पांघरुणातून काढला, बाबांच्या चेहऱ्यापर्यंत नेला आणि दोन बोटांत त्यांचं नाक धरून हलकेच ओढलं. लहान पोराचं ओढतात तसं. त्यांना सगळं माहीत होतं, कोण जाणे कधीपासून. बाबा तिथेच खाटेच्या कडेला बसले आणि पांढऱ्या नॅपकिनमध्ये तोंड घालून रडले. मायच्या डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडल्या होत्या.

त्यानंतरचे सगळे रविवार मी खरा वास घेतला. कुजबुज बंद झाली. मी ओरडून सांगायचो, माय ऐकायच्या. कधी माझं चुकतंय असं वाटलं तर खाटेच्या लाकडावर बोट आपटायच्या. मी सूप चाखलं मात्र कधीच नाही, आणि बाबांनीही कधी चाख म्हटलं नाही. मिलमध्ये कुणाला हे सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

माय पुढच्या थंडीत गेल्या. झोपेत, कुणाला त्रास न देता. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, भाऊ-भाचे आपापल्या पाळीला गेले. घर रिकामं. त्यानंतरच्या रविवारी मला वाटलं, आज शेगडी पेटायची नाही. पण सकाळी कोळशाचा धूर आला आणि दुपारी, भुसावळची पॅसेंजर गेल्यावर, बाबांनी मला हाक मारली.

कोट घातलेला होता. टेबलावर पांढरी प्लेट होती आणि शेगडीवर एक कोरं पातेलं, दुकानाची चिठ्ठीही पुरती निघाली नव्हती.

"बस," ते म्हणाले. "मटण नाही घातलेलं. जव, गाजर, कांदा, मिरी. पातेलं नवं आहे, पळी नवी आहे. सुरीसुद्धा. तुझ्या माळेला काही होत नाही."

आमच्या गोठ्याच्या कोनाड्यातला तो कप आठवला. आम्ही त्यांच्यासाठी वेगळा कप ठेवायचो तो विटाळ म्हणून. त्यांनी माझ्यासाठी वेगळं पातेलं आणलं होतं, माझा मान म्हणून. मी प्लेटीपुढे बसलो.

बाबांनी वाढलं आणि टाच जोडून माझ्याशेजारी उभे राहिले. "सांग. कसं झालंय?"

मी चमचा तोंडात घातला. काय सांगू तुम्हाला? जवाचं फुटून पीठ झालेलं, आणि खाली चांगलं सणसणीत धरलेलं, सगळ्याला करपट वास. समोर पांढऱ्या कोटातला म्हातारा, ज्याला यातलं काहीच कळत नव्हतं. बायको जाऊन पंधरा दिवस झालेले. "छान झालंय" एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर आलं होतं.

"लागलंय, बाबा," मी म्हणालो. "खाली चांगलंच लागलंय."

त्यांनी पळी पातेल्याच्या तळाशी फिरवून पाहिली. मग हसायला लागले. माय गेल्यापासून पहिल्यांदा हसले, खांदे हलेपर्यंत.

"साहेबांनी तोंड फिरवलं असतं," ते म्हणाले.

"फिरवलंच असतं."

त्यांनी नॅपकिनने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं.

"तू नाही फिरवलंस."

मी प्लेट पुढे केली. "अजून वाढा," म्हटलं.